गुणांचा आकडा आधी छापू नका : वधू-वर सूचक मंडळांना खुले पत्र

प्रति,
वधू-वर सूचक मंडळांचे संचालक, मेळावे भरवणाऱ्या ज्ञातिसंस्था आणि विवाहजुळणीची संकेतस्थळे व अ‍ॅप चालवणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिणारे आम्ही पत्रिका पाहणारे लोक आहोत. पत्रिका पाहणं बंद करा, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुमच्या परिचय पुस्तिकेत प्रत्येकाच्या नावाखाली रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी आणि ‘मंगळ : आहे / नाही’ अशी एक ओळ असते. अ‍ॅपवर ‘३६ पैकी १८ गुणांच्या वरचीच स्थळे दाखवा’ अशी खूण असते. बोलायचं आहे ते या ओळीबद्दल आणि या खुणेबद्दल. माणसं एकमेकांना भेटण्याआधीच त्यांना चाळून टाकायला ही ओळ वापरली जाते. त्या कामासाठी ती कधीच नव्हती, आणि तिच्यात भरलेली माहिती बऱ्याचदा चुकीची असते. दोन्ही गोष्टी आमच्याच शास्त्राच्या नियमांनी दाखवता येतात, म्हणून त्या आम्हीच सांगितलेल्या बऱ्या.

ज्योतिष खरं की खोटं, हा वाद इथे नको. तो करणाऱ्यांनी जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांची २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेली चाचणी जरूर वाचावी. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं ओळखायची होती. बरोबर उत्तरं आली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून येतील तेवढीही नाहीत. ती चाचणी विवाहाची नव्हती, पण आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने ती नजरेखालून घालावी अशी आहे. या पत्राचा मुद्दा वेगळा : ज्योतिष मानलं, तरीसुद्धा तुमची चाळणी चुकते.

आधी हे ३६ गुण येतात कुठून ते पाहू, कारण रोज आकडा छापणाऱ्या कित्येकांना ते ठाऊक नसतं. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ आणि नाडीचे ८. बेरीज ३६. ही आठही कूटं (जुळणीचे निकष) एकाच गोष्टीवरून काढतात, ती म्हणजे जन्मवेळी चंद्र कुठे होता. लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास; पत्रिकेची बारा स्थानं तिच्यापासून मोजतात), सप्तमस्थान (विवाहाचं स्थान), शुक्र, गुरू, दशा यांतलं काहीही या आकड्यात नसतं. सत्तावीस नक्षत्रांपैकी कृत्तिका, मृग, पुनर्वसू, उत्तरा, चित्रा, विशाखा, उत्तराषाढा, धनिष्ठा आणि पूर्वाभाद्रपदा ही नऊ नक्षत्रं दोन राशींत विभागलेली आहेत. त्यामुळे पंचांगातल्या कोष्टकात ३६ ओळी आणि ३६ रकाने येतात. म्हणजे १२९६ घरं. जगात कुणाचंही कुणाशी लग्न ठरवायचं असो, उत्तर या १२९६ घरांपैकी एका घरात. असं कोष्टक फार तर पहिल्या अंदाजासाठी असतं, हे वेगळं सांगायला नको.

त्यातही आठ कूटांपैकी शेवटची दोन ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशी आहेत. दोघांची नाडी एक आली की आठच्या आठ गुण गेले, वेगळी असली की आठच्या आठ मिळाले. राशिकूटाचं तसंच. दोन राशी एकमेकींपासून दुसरी-बारावी, पाचवी-नववी किंवा सहावी-आठवी असल्या तर शून्य, नाहीतर सात. ३६ पैकी १५ गुण असे झटक्यात जातात किंवा येतात. ‘आमचे साडेसतराच जुळले हो’ म्हणून हळहळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्या साडेसतरामागे बारीक मोजमाप नसतं, दोन ठिकाणची होय-नाही असते.

आता गणित करू. नाड्या तीन (आद्य, मध्य, अंत्य) आणि प्रत्येकीत नऊ नक्षत्रं आहेत, म्हणून कुठल्याही दोन व्यक्तींची नाडी एक निघण्याची शक्यता तीनात एक. राशिकूट बारापैकी सहा स्थितींत शून्य होतं, म्हणजे निम्म्या वेळा. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की ‘मंगळाची पत्रिका’. बारापैकी पाच स्थानं, म्हणजे शंभरातल्या सुमारे ४२ जणांना मंगळ. मंगळवाल्याला मंगळवालीच हवी, बाकीच्यांना बिनमंगळाची, अशी अट घातली की निम्मी स्थळं तिथेच गळतात. तिन्ही अटी एकत्र लावल्या तर ढोबळमानाने शंभरातली सोळा-सतरा स्थळं उरतात. शिक्षण, वय, गाव, नोकरी, स्वभाव यांचा विचार तर अजून सुरूही झालेला नाही. ‘चार वर्षं झाली, पत्रिकाच जुळत नाही’ असं पालक सांगतात तेव्हा त्यात मुलीच्या किंवा मुलाच्या नशिबाचा काही भाग नसतो. तुमच्या अ‍ॅपवरच्या चाळणीतल्या तीन अटींचा तो गुणाकार असतो.

मंगळाची आणखी एक गंमत. काही जण तो लग्नाखेरीज चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. तिन्हीपैकी कुठूनही आला तरी दोष धरायचा म्हटलं, तर ढोबळ हिशेबाने शंभरातले ऐंशी लोक मंगळाचे ठरतात. दक्षिणेत दुसरं स्थानही धरतात, मग आकडा आणखी वर. दहातल्या आठ जणांना जो दोष आहे त्याला दोष म्हणावं का, हे तुम्हीच ठरवा.

जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. म्हणूनच प्रत्येक दोषाशेजारी त्याचे परिहार, म्हणजे दोष रद्द ठरवणारे अपवाद, सांगितले आहेत. विवाहाच्या प्रकरणात आपल्याकडे ज्याचा आधार घेतात त्या ‘मुहूर्तचिंतामणी’तच म्हटलं आहे की दोघांची रास एक पण नक्षत्र वेगळं असेल, किंवा नक्षत्र एक पण रास वेगळी असेल, तर नाडीदोष नाही आणि गणदोषही नाही, नक्षत्र एक असून चरण (नक्षत्राचा चौथा भाग) वेगळे असले तरी चालतं. षडाष्टकाचंही, म्हणजे सहाव्या-आठव्या राशीच्या जोडीचंही, तसंच. मेष-वृश्चिक, वृषभ-तूळ, मिथुन-मकर, कर्क-धनू, सिंह-मीन, कन्या-कुंभ या सहा जोड्या प्रीतिषडाष्टकाच्या, कारण त्यांचे राशिस्वामी एकच किंवा मित्र. मेष-कन्या, वृषभ-धनू, मिथुन-वृश्चिक, कर्क-कुंभ, सिंह-मकर, तूळ-मीन या मृत्युषडाष्टकाच्या. म्हणजे ज्याला लोक सरसकट घाबरतात त्या षडाष्टकातल्या निम्म्या जोड्या शास्त्रानेच मोकळ्या केलेल्या आहेत. मंगळाचंही तेच : पहिल्या स्थानी मेषेचा, चौथ्यात वृश्चिकेचा, सातव्यात मकरेचा, आठव्यात कर्केचा, बाराव्यात धनूचा मंगळ असेल तर दोष धरत नाहीत. त्याशिवाय गुरूची दृष्टी, दुसऱ्याच्या पत्रिकेत त्याच स्थानी शनी असणं वगैरे आणखी वाटा आहेतच.

परिचय पुस्तिकेच्या ओळीत यांतला एकही परिहार छापलेला नसतो. ‘नाडी : अंत्य’ एवढंच असतं. वाचणारा आपल्या मुलाची अंत्य नाडी पाहतो आणि पान उलटतो. अ‍ॅपवरचा आकडाही बहुधा कच्चा असतो, म्हणजे परिहार न लावलेला. दोष तेवढा दाखवायचा आणि त्याचा परिहार दडवायचा, याला अर्धवट पत्रिका पाहणं म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. वधूचं नक्षत्र रोहिणी, रास वृषभ. वराचं धनिष्ठा. धनिष्ठाचे पहिले दोन चरण मकरेत आणि पुढचे दोन कुंभेत. वर दुसऱ्या चरणात जन्मला असेल तर वृषभ-मकर हे नवपंचम (पाचवी-नववी रास), राशिकूट शून्य. वर्णाचा १ गुण मात्र मिळतो, कारण दोन्ही राशी वैश्य वर्णाच्या. तोच वर थोडा उशिरा, तिसऱ्या चरणात जन्मला की रास कुंभ होते. वृषभ-कुंभ चौथी-दहावी, राशिकूटाचे सातही गुण पदरात. वर्णाचा एक जातो. नाडी दोन्हीकडे मध्य आणि अंत्य, म्हणून आठ कायम. राशिस्वामी दोन्हीकडे शुक्र आणि शनी, म्हणून ग्रहमैत्रीचे पाचही कायम. वश्याचा किरकोळ फरक सोडला, तर चंद्राने एक रेघ ओलांडताच सहा गुणांची उडी. त्यातही शुक्र आणि शनी मित्र असल्यामुळे त्या मकरेच्या नवपंचमाला परिहार लागतोच. पण कच्चा आकडा तो दाखवत नाही.

(वर्ण हा शब्द वाचून कुणी जातीचा अर्थ काढू नये. हा राशींचा वर्ण आहे. कर्क, वृश्चिक, मीन या ब्राह्मण वर्णाच्या राशी कुठल्याही घरात जन्मलेल्या माणसाच्या असतात. आणि वराचा वर्ण वधूपेक्षा वरचा किंवा बरोबरीचा हवा हा नियम आज कुणी का पाळावा, याचं समाधानकारक उत्तर आमच्याकडेही नाही.)

दोन प्रणालींतून दोन वेगळे आकडे का येतात, हा प्रश्न पालक तुम्हाला हमखास विचारत असतील. कारण सोपं आहे. गण, वश्य आणि योनी यांची कोष्टकं सगळीकडे एकसारखी नाहीत. देवगण आणि मनुष्यगण यांना कुठे ६, कुठे ५ देतात, आणि वर देवगणी की वधू देवगणी यावरही ते ठरतं. म्हणून माहिती भरताना वर-वधूची जागा चुकून उलटी झाली, तरी बेरीज बदलते. दोन प्रणालींत एक-दोन गुणांचा फरक पडणं सहज शक्य आहे. अशा आकड्यावर १७ला नकार आणि १८ला होकार देणं म्हणजे फूटपट्टीवर अर्धा इंच पुढे-मागे होत असताना सुताच्या हिशेबाने कापड फाडणं.

त्याहून मोठा फरक पंचांगाचा. राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंशांवर धरायचा, तो आकडा म्हणजे अयनांश. आपल्याकडे बहुतेक पंचांगं चित्रापक्षीय, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून ठरवलेला, अयनांश वापरतात. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने हाच अयनांश मान्य केला. टिळक पंचांग मात्र रैवतपक्षीय, म्हणजे रेवती ताऱ्यावरून आरंभ धरणारं, आहे. दोघांच्या अयनांशात सुमारे ४ अंशांचं अंतर आहे. नक्षत्र असतं १३ अंश २० कलांचं. म्हणजे तीच जन्मवेळ, तोच चंद्र, पण दर दहातल्या सुमारे तीन जणांचं नक्षत्र एका पंचांगात एक आणि दुसऱ्यात त्याच्या पुढचं. नक्षत्र बदललं की नाडी, गण, योनी, तारा सगळंच बदलू शकतं. कुठलं पंचांग बरोबर, हा जुना वाद आहे आणि तो या पत्रात सुटणार नाही. पण मुलाची पत्रिका एका पक्षाची आणि मुलीची दुसऱ्या पक्षाची घेऊन गुण मोजणं हे दोन्ही पक्षांच्या दृष्टीने चूकच. तुमच्या फॉर्मवर अयनांशाचा रकानाच नाही. संगणकावर काढलेल्या पत्रिकेच्या कोपऱ्यात तो छापलेला असतो, पण तिकडे कुणी पाहत नाही.

आता जन्मवेळ. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि तो कुठे होतो हे समजून घेतलं तर अर्धं काम हलकं होईल.

चंद्र दिवसाला सरासरी १३ अंशांहून थोडा जास्त चालतो. एका नक्षत्राला साधारण एक दिवस, एका चरणाला सहा तास, एका राशीला सव्वादोन दिवस लागतात. त्यामुळे जन्मवेळेत पंधरा मिनिटांची चूक असली तरी नक्षत्र बदलण्याची शक्यता शंभरात एक. लग्नाचं तसं नाही. लग्नरास साधारण दोन तासांत बदलते, म्हणून तीच पंधरा मिनिटांची चूक आठातल्या एकाचं लग्न बदलून टाकते. लग्न बदललं की सगळी स्थानं सरकतात, आणि बाराव्यातला मंगळ अकराव्यात जातो किंवा तिसऱ्यातला चौथ्यात येतो. घरातले लोक सांगतात, ‘सकाळी नऊच्या सुमाराला झाली.’ त्या ‘सुमारा’वर गुणमेलन बहुतेक वेळा टिकेल, मंगळ टिकेलच असं नाही. लोकांची भीती मात्र नेमकी उलटी. आणि अशाच ढोबळ वेळेवर कुणी नवमांश (राशीचा नववा भाग) काढून वैवाहिक सुखाची वर्षं सांगत असेल, तर तिथून उठून यावं. लग्नाचा नवमांश तेरा-चौदा मिनिटांत बदलतो.

जन्मगावाचाही परिणाम लग्नावरच होतो. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे, आणि एका अंशाला चार मिनिटं. घड्याळ दोन्हीकडे एकच असलं तरी लग्नाच्या हिशेबात सुमारे पंचवीस मिनिटांचं अंतर पडतं. वडगाव, पिंपळगाव, खेड अशी नावं आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. फॉर्म भरणारा नुसतं ‘पिंपळगाव’ टाकतो आणि यादीतलं पहिलं पिंपळगाव निवडतो. तालुका आणि जिल्हा विचारल्याशिवाय जन्मस्थळ घेऊच नका. परदेशात जन्मलेल्यांच्या बाबतीत तिथल्या उन्हाळी वेळेचा एक तास धरला आहे का, तेही पाहावं लागतं. हा तास सुटला की लग्न बदलण्याची शक्यता निम्मी.

मोठ्या चुका बहुतेक मध्यरात्रीच्या आसपासच्या असतात. रात्री साडेबाराला झालेल्या बाळाची वेळ दुपारी साडेबारा म्हणून भरली जाते. किंवा आपल्या पद्धतीने वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून घरात ‘सोमवारी रात्री दोनला’ असं सांगतात आणि भरणारा सोमवारची तारीख टाकतो, जेव्हा ती मंगळवारची हवी. ही चूक पूर्ण चोवीस तासांची. चंद्र एक नक्षत्र मागे जातो, आणि शेजारशेजारच्या नक्षत्रांच्या सत्तावीस जोड्यांपैकी एकोणिसांत नाडी वेगळी आहे. म्हणजे एका तारखेच्या चुकीने दहातल्या सातांची नाडीच बदलते.

जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ मिळते ती दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर, आणि तीही बऱ्याचदा पाच किंवा पंधरा मिनिटांत गोल केलेली. वेळ मिळाली नाही की काही मंडळं नावावरून गुण काढून देतात. अवकहडा चक्रात ‘चू, चे, चो, ला’ म्हणजे अश्विनी, असं प्रत्येक चरणाला अक्षर दिलेलं आहे. त्याचा उपयोग चरणावरून नाव ठेवायला. उलट्या दिशेने तो तेव्हाच चालेल, जेव्हा नाव खरोखर त्या अक्षरावरून ठेवलेलं असेल. आता किती घरांत तसं ठेवतात? आईवडिलांना आवडलं म्हणून ठेवलेल्या ‘आर्या’वरून नक्षत्र काढणं म्हणजे नक्षत्र मनानेच ठरवणं. अशा वेळी ‘जन्मवेळ उपलब्ध नाही’ एवढंच छापा. लोक चालवून घेतात.

मूळ आणि आश्लेषा नक्षत्रांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठाची थोरल्या दिराला, विशाखाची धाकट्या दिराला, असं म्हणून मुली नाकारल्या जातात. तुमच्या पुस्तिकेत नक्षत्र छापलेलं असतं, त्यामुळे त्या मुलींना फोनच येत नाहीत. ज्या वचनावर हे उभं आहे त्यात मूळ आणि आश्लेषाच्या बाबतीत मुलगी आणि मुलगा दोघांचाही उल्लेख आहे. पण मूळ नक्षत्राचा जावई नको म्हणून कुणी स्थळ मोडल्याचं सहसा ऐकू येत नाही. त्याच वचनात मूळचा चौथा चरण, आश्लेषाचा पहिला चरण आणि विशाखाचे पहिले तीन चरण निर्दोष सांगितले आहेत. म्हणजे विशाखा नक्षत्रावर जन्मलेल्या चार मुलींपैकी तिघींना त्या वचनाप्रमाणेही काही दोष नाही, पण नाकारल्या चौघी जातात. शास्त्राचं नाव घेऊन जे चाललं आहे ते शास्त्रालाही धरून नाही, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला सापडत नाही.

नाडी आणि रक्तगट. ‘एक नाडी म्हणजे एक रक्तगट, म्हणून मुलं होत नाहीत किंवा व्यंग असलेली होतात’ हे वाक्य मेळाव्यांत इतक्या ठामपणे बोललं जातं की शिकलेले लोकही मान डोलावतात. नाडी चंद्राच्या नक्षत्रावरून ठरते, रक्तगट आईवडिलांकडून येतो. सख्ख्या भावंडांचा रक्तगट एक आणि नाड्या वेगळ्या असू शकतात, तेवढंच पुरे आहे. नवराबायकोचा रक्तगट सारखा असणं ही कसलीही अडचण नाही. लक्ष द्यायचं ते आरएच निगेटिव्ह स्त्री आणि आरएच पॉझिटिव्ह पुरुष या जोडीकडे. तिथेही लग्न मोडायचं कारण नाही : गरोदरपणी अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन घेतलं की पुढच्या गरोदरपणातला धोका टळतो.

संततीची एवढी काळजी असेल तर विचारायची गोष्ट वेगळी आहे. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे त्याला पत्ताही नसतो. रक्ताच्या एचपीएलसी तपासणीत हे कळतं. सिकलसेलचं गणितही हेच, आणि विदर्भात व नंदुरबारसारख्या भागांत ती तपासणी टाळू नये. दोघांपैकी एकच वाहक असेल तर हा धोका नाही. दोघंही वाहक निघाले तरी निर्णय त्यांचा, पण डॉक्टरांशी बोलून, डोळे उघडे ठेवून घेतलेला. हे निकाल मात्र पुस्तिकेत छापू नका. नाडीच्या जागी रक्ताचा नवा शिक्का मारायला आम्ही सांगत नाही आहोत. लग्न ठरण्याच्या बोलीत दोन्ही घरांनी एकमेकांना दाखवायचे ते कागद आहेत.

यावर तुमचं उत्तर आम्हाला ठाऊक आहे : ‘लोकच मागतात हो, आम्ही काय करणार?’ खरं आहे, मागतात. पण का मागतात, तेही तुम्हाला ठाऊक आहे. कित्येक घरांना पत्रिकेत रस नसतो, त्यांना नकार देण्याची सभ्य सोय हवी असते. मुलीचा रंग, मुलाचा पगार, घरातलं कर्ज, शेतीवर राहायची तयारी नसणं, यांतलं काहीच तोंडावर बोलता येत नाही. ‘पत्रिका जुळत नाही’ म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही. ही सोय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि तिच्यात एक शहाणपण आहे हे आम्हीही मानतो.

पण पलीकडच्या घरी काय होतं? त्यांना ते कारण खरं वाटतं. तीन ठिकाणांहून ‘पत्रिका’ म्हणून नकार आला की बाप मुलीची पत्रिका घेऊन फिरू लागतो. कुणी कुंभविवाह (आधी मडक्याशी लावायचं लग्न) सांगतो, कुणी शांत, कुणी नाडीदोषासाठी दान. काही ठिकाणी हा विधी करणाऱ्याचा पत्ता मंडळाच्याच कार्यालयात मिळतो, तेही आम्ही जाणून आहोत. ज्या मंडळाने दोष छापायचा, त्यानेच त्याची शांत सुचवायची, हा व्यवहार लगेच थांबवा. आणि नकाराची सभ्य सोय हवीच असेल तर ती तुम्ही द्या. अ‍ॅपवर आणि मंडळाच्या पत्रात एकच उत्तर ठेवा : ‘योग नाही, शुभेच्छा.’ कारणाचा रकानाच नको. कारण विचारायला फोन आला तर ‘मंडळ कारण कळवत नाही’ एवढं सांगायचं. दोन्ही घरांची अब्रू राहते आणि मुलीच्या नक्षत्राच्या माथी काही बसत नाही.

आता नेमकं काय बदलावं ते. परिचय पुस्तिकेतून गण, नाडी, नक्षत्र, चरण आणि मंगळ हे पाचही रकाने काढा. जन्मतारीख छापायचीच असेल तर नुसतं जन्मसाल छापा. वेळ आणि गाव अजिबात नको. तारीख, वेळ, गाव, फोन आणि पत्ता एकत्र असलेली पुस्तिका एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की ती कुणाच्या हाती पडेल ते तुमच्या हातात राहत नाही. अ‍ॅपवर गुणांची आणि मंगळाची खूण बंद करा. निदान ती आधीपासून लावून ठेवलेली नसावी. ‘सौम्य मंगळ’ हा पर्याय तर काढाच. सौम्य कोणी ठरवला? फॉर्म भरणाऱ्याने.

पत्रिका मंडळाच्या फाईलमध्ये राहू द्या. तिच्यासोबत चार गोष्टी लिहून घ्या : जन्मवेळ कुठून घेतली (डिस्चार्ज कार्ड, घरची वही, की आठवण), ती किती मिनिटांपर्यंत खात्रीची, जन्मगाव तालुक्या-जिल्ह्यासह, आणि पत्रिकेचा अयनांश. मध्यरात्र ते सूर्योदय या वेळेतला जन्म असेल तर तारीख आणि वार दोन्ही विचारून ताडून पाहा. दोन्ही घरांची गाठभेट झाली, मुलगा-मुलगी एकमेकांशी बोलली, दोघांनाही पुढे जावंसं वाटलं, की मग ज्यांना पत्रिका पाहायची आहे त्यांना दोन्ही पत्रिका एकाच वेळी, एकाच अयनांशाच्या, द्या. भेटीनंतर पत्रिकेवरून मोडलं तर वाईट दिसतं, असं लोक म्हणतात. दिसू द्या. भेटीनंतर नकार द्यायला माणूस दहादा विचार करतो. आणि तेव्हा पत्रिका पाहणाऱ्यालाही परिहार आठवतात.

आमच्याच लोकांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, तुमच्यामार्फत, कारण कित्येक जण तुमच्या पॅनेलवर आहेत. कच्चा आकडा लेखी देऊ नका. कोणते दोष निघाले आणि त्यांना कोणते परिहार लागतात, हे एकाच कागदावर लिहा, आणि खाली जन्मवेळेची खात्री किती ते लिहा. आणि घरच्यांच्या सांगण्यावरून वेळ दहा मिनिटं मागेपुढे करून मंगळ ‘काढून’ देऊ नका. अशी दुरुस्त पत्रिका डिस्चार्ज कार्डाशी जुळत नाही, आणि हे उघड होतं ते बोलणी पक्की झाल्यावर.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, आणि मेळाव्यांच्या पुस्तिकांची छपाई त्याआधीच ठरते. पाच रकाने काढलेला आणि चार प्रश्न वाढवलेला फॉर्मचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. एकाच मेळाव्यापुरता का होईना, तो वापरून पाहणाऱ्या मंडळाच्या फाईलमधल्या पत्रिका तपासून द्यायला आम्ही विनामूल्य बसू. किती तारखा आणि किती गावं चुकीची निघतात ते तुमच्या कार्यालयातच मोजता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पत्रिका पाहणारे काही अभ्यासक